यात यंत्र नाही

बंद पडलेल्या सूतगिरणीच्या पटांगणात त्या दुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि शिरलीच असती तर तिनंही हात जोडले असते. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटावं. पण ससाणेमहाराजांचा नियमच होता, सूर्य डोक्यावर असल्याशिवाय कृपा होत नाही. सावलीत होत नाही, संध्याकाळी होत नाही, घरात दिवा लावून तर मुळीच होत नाही. का होत नाही, हे विचारायची बुद्धी कुणाला झाली नव्हती. कृपेलाही वेळापत्रक असतं, हे लोकांनी बँकेच्या वेळेसारखं निमूट मान्य केलं होतं.

गिरणीत पूर्वी जिथं कापसाच्या गाठी उतरवायचे, त्या सिमेंटच्या ओट्यावर महाराज उभे होते. पांढरा झगा, डोळ्यांत काजळ, डाव्या हातात कोपरापर्यंत चढवलेला कातडी मोजा आणि त्या मोज्यावर ससाणा. पाटीच्या रंगाची पाठ, छातीवर तपकिरी शिंतोडे, पायात रुंद सोनेरी कडं आणि डोळ्यांवरून ओढलेली जरीची टोपी. पक्षी असा गप्प बसलेला, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो पेंढा भरलेला वाटायचा.

"हा पक्षी नाही, लेकरांनो," महाराज सांगत होते. आवाज मुरलेला, लाउडस्पीकर त्याहून मुरलेला. "ही नजर आहे. नजरेला पंख फुटले की त्याला आपण ससाणा म्हणतो. आभाळातून याला गवतातला उंदीर दिसतो, मग तुमच्या डोळ्यातला पडदा दिसणार नाही? तो पडदा हा ओढून घेतो. स्वतःच्या डोळ्यात घेतो. तुमचं आंधळेपण हा पितो आणि पचवतो."

खुर्चीवर एक शिंपीण बसवली होती. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून आली होती बिचारी. महाराजांनी ससाण्याची टोपी काढली, त्याचं तोंड तिच्या तोंडासमोर आणलं आणि स्वतः वाकून पक्ष्याच्या डोक्यापाशी काहीतरी पुटपुटले. झालं. ससाण्याचा काळाभोर डोळा सगळ्यांच्या देखत पांढुरका झाला, दुधावर साय धरावी तसा. पटांगणातून एकच सुस्कारा उठला. पुढच्या रांगेत कुणाला तरी रडू फुटलं. मग महाराज सरळ झाले, पक्ष्यानं डोकं झटकलं आणि डोळा पुन्हा काळाभोर. मोतीबिंदू आला, पचला, गेला.

त्यानंतर पुरावा. शिष्यानं मखमलीवरून तांब्याची एक चकती आणली. तिच्या मधोमध बारीकसं भोक. हिचं नाव 'ससाण्याचा डोळा'. शिंपिणीनं ती एका डोळ्याला लावली, दुसरा मिटला आणि समोर धरलेल्या वर्तमानपत्रातला बारीक मजकूर घडाघडा वाचून दाखवला. लोक वेडे व्हायचे बाकी राहिले. चकती मात्र शिष्यानं लगेच काढून घेतली. घरी गेल्यावर दोरा पुन्हा ओवता येईना, तर त्याची सोय महाराजांनी आधीच करून ठेवली होती. ज्याची श्रद्धा पातळ त्याचा पडदा परत येतो. त्यानं पुन्हा यावं आणि येताना रिकाम्या हातानं येऊ नये.

पटांगणाच्या अगदी मागं, पाण्याच्या टाकीला टेकून, मुलींच्या शाळेतली विज्ञानाची मास्तरीण हे सगळं बघत होती. तिचं डोकं तापलं होतं आणि ते उन्हानं नव्हतं. ओट्यामागच्या भल्यामोठ्या फलकावर लाल अक्षरांत तिच्या वडिलांचं वाक्य रंगवलेलं होतं: "यात यंत्र नाही." आणि खाली: "घड्याळवाल्यांची ग्वाही."

ही ग्वाही कशी निघाली ते सांगायलाच हवं, कारण असली चूक करायला घड्याळवालेच लागतात.

त्या शहरात घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांची एक आख्खी गल्ली होती. माणूस आडवा झोपू शकणार नाही एवढी अरुंद दुकानं, खिडकीशी टेबल, टेबलावर चिमटे, आणि प्रत्येकाच्या एका डोळ्यात खोबणीत बसवल्यासारखं भिंग. केसाहून बारीक स्प्रिंग सरळ करणारी माणसं ती. डोळे गेले की धंदा गेला, ही धास्ती पोटात घेऊनच जगायची. महाराज शहरात आले तेव्हा गल्लीनं बाकीच्यांसारख्या उड्या मारल्या नाहीत. आम्ही आधी तपासू, मग मानू, असं ऐटीत जाहीर केलं. महाराजांना तेच हवं होतं. तपासा, उघडा, हवं तर किल्ली देऊन बघा, म्हणाले.

मग ही मंडळी भिंगं लावून ओट्यावर चढली. टोपीचं अस्तर उलटं केलं, पूड सापडते का बघितलं. मोज्याची शिवण बोटांनी चाचपली. झग्याच्या बाह्या झटकल्या, दोरा शोधला. चकतीत काच बसवली असेल म्हणून ती उन्हात धरली, तर काच नाही, नुसतं भोक. आणि भोकात कसली आली करामत? त्यांचं शास्त्र असं, की लबाडी म्हटली म्हणजे स्प्रिंग हवी, चाक हवं, निदान तार तरी हवी. तसलं काही निघालं नाही. तेव्हा गल्लीतले सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत मानाचे कारागीर, म्हणजे आमच्या मास्तरणीचे वडील आप्पा, यांनी भिंग पुसलं आणि निकाल दिला: "यात यंत्र नाही." दुसऱ्या दिवशी फलक रंगून तयार.

फलकाचंही तिला एवढं वाटलं नसतं. पण आप्पांना काचबिंदू होता. डाव्या डोळ्याची नजर त्यानं कधीच खाऊन टाकली होती. उजवा शाबूत होता तो रोजच्या थेंबांच्या जिवावर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं होतं, की डोळ्यात दाब वाढतो, आतली नस वाळत जाते आणि नजर कडेकडेनं आत आत संपत येते. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंब राखतात. आणि महाराजांनी आप्पांना सांगितलं होतं, की ससाण्याची नजर आणि दुकानातलं पाणी एका डोळ्यात नांदत नाहीत. आप्पांनी थेंबाची बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली, ती तिथंच राहिली.

त्यांना मधलं दिसत होतं, म्हणून आपल्याला सगळं दिसतंय असंच ते धरून चालले होते. पण घरात जे व्हायचं ते मास्तरणीची वहिनी रोज बघत होती. कपाटाचं उघडं दार आप्पांच्या खांद्याला लागायचं आणि ते दारावरच चिडायचे. बाजूला ठेवलेला चिमटा सापडायचा नाही, मग माझ्या वस्तू कोण हलवतं म्हणून वहिनीच्या नावानं खडे फोडायचे. वहिनी हलवत नव्हती, कुणीच हलवत नव्हतं. तिनं एकदा झोपलेल्या सासऱ्यांच्या डोळ्यात थेंब घालायचा प्रयत्न केला, तर ते उठून बसले आणि घर डोक्यावर घेतलं.

"ताई, तुमचंच ऐकतील, तुम्हीच बोला," वहिनी म्हणाली. तिच्या नवऱ्याकडून, म्हणजे मास्तरणीच्या भावाकडून, आशा नव्हती. महाराजांमुळं गल्लीत गिऱ्हाईक वाढलं होतं आणि दादाला तोंड उघडायला वेळच मिळत नव्हता.

मास्तरीण बोलली. महाराजांचं काय ते नंतर बघू, आधी थेंब घाला, एवढंच म्हणाली. आप्पांनी चिमटा खाली ठेवला.

"तू पोरींना काय शिकवतेस गं शाळेत? स्वतः बघा, मग माना, हेच ना? मी स्वतः बघितलं. भिंग लावून बघितलं. तू तिकडं टाकीपाशी उभी राहतेस आणि मला अक्कल शिकवतेस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जिना उतरता उतरता तिला कबूल करावं लागलं, की म्हातारा बोलला ते खरं आहे. आपण लांबून नाकं मुरडतोय. जवळ जाऊन बघितलंय कुठं?

दुसऱ्या दिवशी शाळा अर्ध्यावर सोडून ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. शेजारची बाई हात जोडून डोळे मिटून बसली होती. ही टक्क उघडे ठेवून बसली. आणि पहिल्याच खेपेला तिला दिसलं, की ती साय डोळ्यावर धरत नाही. ती सरकते. चोचीच्या बाजूच्या कोपऱ्यातून निघते, आडवी जाते आणि तशीच माघारी येते. मोतीबिंदू असा फेऱ्या मारत नाही. आणि महाराज ज्याला मंत्र म्हणत होते, त्याच्या आधी त्यांचे गाल किंचित फुगत होते.

तिला त्या गर्दीत मोठ्यानं हसायला आलं. शेजारणीनं डोळे वटारले. अहो, तिसरी पापणी ती. प्रत्येक पक्ष्याला असते. डोळ्यात वारा गेला, धूळ गेली, की ती डोळ्यावरून फिरते आणि पुसून घेते. ही मास्तरीण दरवर्षी फळ्यावर पक्ष्याचा डोळा काढून 'निमेषक पटल' असं अवघड नाव देऊन तेच शिकवत होती आणि पोरी ते पाठ करून विसरत होत्या.

पण जवळ बसल्यामुळं तिला आणखीही दिसलं. ससाण्याच्या शेपटीची पिसं तुटून झिपऱ्या झाली होती. छातीचं हाड धार लावल्यासारखं वर आलं होतं. आणि एका डोळ्यातली ती पांढरी पापणी आता कुणी न फुंकताही पुरती मागं जात नव्हती. तिचं हसू जिथल्या तिथं विरलं.

तिथून ती घरी गेली नाही, तडक मागच्या बोळातल्या इस्त्रीवालीकडं गेली. इस्त्रीवालीच्या दारात कोंबड्या असत. मास्तरणीनं त्यातली एक लालसर कोंबडी उचलली, मांडीवर धरली आणि तिच्या तोंडावर फुंकर मारली. कोंबडीचा डोळा पांढरा झाला. पुन्हा फुंकली, पुन्हा पांढरा. इस्त्रीवालीनं इस्त्री बाजूला ठेवून विचारलं, "ताई, बरं नाही का तुम्हाला? घरी सोडायला येऊ?"

चकतीचं कोडं त्याहून सोपं निघालं. घड्याळाच्या तबकड्या ज्या जाड कागदात येतात त्याचा एक तुकडा तिनं घेतला, टाचणीनं भोक पाडलं, चष्मा काढला आणि भोकातून वर्तमानपत्र बघितलं. जे अक्षर धूसर होतं ते चक्क उभं राहिलं. बारीक भोकातून उजेडाची नेमकी तेवढी सरळ रेघ आत येते, बाकीचा पसारा बाहेर राहतो, म्हणून धूसरपणा कमी होतो. ज्याच्या चष्म्याचा नंबर चुकलाय त्या कुणालाही होतो. मात्र उजेड भरपूर हवा, म्हणून महाराजांना सूर्य डोक्यावर लागायचा. ओट्यावर 'दृष्टी मिळालेल्या' निम्म्या लोकांना खरं म्हणजे नवा चष्मा मिळायला हवा होता. ज्यांना खराखुरा मोतीबिंदू होता त्यांना काहीच दिसत नव्हतं आणि ते पातळ श्रद्धेचे ठरून घरी जात होते.

राहिला प्रश्न पक्ष्याचा. त्यासाठी तिनं ससाणेवेड्याला गाठलं. हा निवृत्त माणूस शहराबाहेरच्या जुन्या खाणीच्या कड्याशी दुर्बीण घेऊन बसायचा. विणीच्या दिवसांत खाणीतले सुरुंग बंद ठेवायला लावले होते त्यानं, म्हणून शहरानं त्याला वेड्यात काढलं होतं. त्यानं सगळं सांगितलं. हा ससाणा इथलाच, असल्या कड्यांवरच घरटं करणारा. पूर्वी प्रत्येक कड्यावर जोडी असायची. उंदरांना विष घालायला लागले, ते उंदीर खाऊन हे मेले. उरले त्यांची पिल्लं चोरीला जातात. आता सगळ्या मुलखात बोटांवर मोजण्याइतक्या जोड्या राहिल्यात. यंदा त्यानं खाणीतल्या घरट्यातल्या दोन पिल्लांच्या पायात ओळख पटावी म्हणून लहान कड्या घातल्या होत्या आणि पिल्लं उडायला शिकायच्या बेतात असताना एके दिवशी घरटं रिकामं. कड्याच्या काठावर दोर घासल्याच्या खुणा.

"ते सोनेरी कडं एवढं रुंद का, ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण वनखात्याचा साहेब म्हणतो, गर्दी बिथरेल, आधी पुरावा आणा. आणि पापणी अर्धी राहते म्हणालात ना? म्हणजे पक्षी आजारी आहे. याला मुद्दाम उपाशी ठेवतात, भुकेला पक्षी हातावरून हलत नाही. हा मेला, तर नजर देऊन मुक्त झाला असं सांगतील आणि पुढच्या वर्षी माझ्या कड्यावर पुन्हा दोर सोडतील."

तो असं म्हणाला आणि दोनच दिवसांत शहरभर कागद चिकटले. 'पूर्णदान'. ससाणा आपली सगळी नजर एकाच भाग्यवंताला देणार आणि आभाळात विलीन होणार. भाग्यवंत कोण? घड्याळगल्लीचे आप्पा.

वहिनीनं ते वाचलं आणि तडक मास्तरणीकडं आली. पूर्णदान झालं की आप्पा थेंबांचं नावही काढू देणार नाहीत, हे दोघींनाही कळत होतं. डॉक्टरांकडं जायला ते तयार नव्हते, बळजबरी करण्यासारखा माणूस नव्हता, आणि उजव्या डोळ्याचं घड्याळ तर चालूच होतं. बोलून उपयोग नाही, आप्पांना दाखवायलाच हवं, असं मास्तरणीनं ठरवलं. वहिनी दुपारभर टाचणी घेऊन जाड कागदांना भोकं पाडत बसली.

त्या दिवशी गिरणीच्या पटांगणात नुसतं डोक्याला डोकं लागलेलं. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीवर बसले होते, नवरदेवासारखे. महाराजांचं चालू होतं. नजर अमर आहे, देह पिंजरा आहे, ससाणा जातो पण बघणं उरतं वगैरे वगैरे. प्रत्येक वाक्य ऐकायला भारी, हातात घेतलं तर आत काही नाही. शेवटी त्यांनी नेहमीची बढाई मारली, ज्याला तपासायचं असेल त्यानं आजही यावं.

"मला तपासायचंय," म्हणत मास्तरीण ओट्याच्या पायऱ्या चढली. हातात कापडी पिशवी आणि पिशवी कॉक कॉक करत होती. लोक हसले. महाराजांना तिला उतरवता येईना, कारण ती भाग्यवंताची लेक. त्यांनी उदारपणे हात हलवला. तिनं पिशवीतून इस्त्रीवालीची कोंबडी काढली. आता मात्र पटांगण खो खो हसत सुटलं आणि आप्पांचा चेहरा लालबुंद झाला.

ती गर्दीकडं वळलीच नाही. आप्पांच्या पुढ्यात उकिडवी बसली आणि कोंबडी त्यांच्यासमोर धरली.

"आप्पा, मी लांबून बघत होते, ते चुकलं. जवळून बघितलं. आता तुम्ही बघा. भिंग लावा."

चारचौघांत बापाची शोभा करतेस का, असं ते दातांत पुटपुटले. पण आयुष्यभराची सवय, समोर काही धरलं की हात सदऱ्याच्या खिशाकडं जायचाच. भिंग डोळ्याला लागलं. मास्तरणीनं कोंबडीवर हळूच फुंकर मारली.

आप्पांनी मान आणखी पुढं काढली. मग म्हणाले, "पुन्हा." तिनं पुन्हा फुंकलं. "पुन्हा." तिसऱ्या वेळी त्यांनी तिला थांबवलं आणि स्वतःच फुंकलं. पुढचे लोक हसायचे थांबले, कारण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर तीच एकाग्रता आली होती जी बंद घड्याळ उघडल्यावर यायची.

"चोचीकडून निघते," ते स्वतःशीच म्हणाले. "आडवी सरकते. आत मुडपून बसते." आणि ते उठून महाराजांसमोर गेले.

महाराजांनी मोज्याचा हात मागं घेतला. पक्षी पवित्र अवस्थेत आहे, त्याला माणसाचा श्वास लागता कामा नये, असं काहीसं ते घाईघाईनं म्हणाले.

"श्वासच लागतो ना याला?" आप्पा म्हणाले. "मग आज माझा लागू दे."

आणि त्यांनी ससाण्याची टोपी काढून त्याच्या तोंडावर फुंकर मारली. मंत्र नाही, पुटपुटणं नाही, एका म्हाताऱ्या कारागिराची साधी फुंकर, घड्याळातली धूळ उडवायला मारतात तशी. ससाण्याचा डोळा पांढरा झाला.

महाराज पट्टीचे गडी. त्यांनी लाउडस्पीकर जवळ ओढला आणि जाहीर केलं, की कोंबडीतही तोच दिव्य अंश आहे, आज तो प्रकट झाला. आणि माणसाच्या बुद्धीची कमाल बघा, पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी खरोखरच उठून कोंबडीला नमस्कार केला. कोंबडीनं त्याच क्षणी ओट्यावर घाण केली. मग जो हशा पिकला त्यात महाराजांचं पुढचं प्रवचन वाहून गेलं. दिव्य अंश कशात आहे, हे पुसायचं काम शिष्यांच्या वाट्याला आलं.

तोवर वहिनी खाली गर्दीत शिरून भोकाचे कागद वाटत सुटली होती. लोकांनी ते डोळ्याला लावले. फलक वाच, पाकिटावरचं वाच, औषधाच्या चिठ्ठीवरचं वाच, असं जिकडंतिकडं सुरू झालं. ज्या शिंपिणीनं मागं ओट्यावर घडाघडा वाचलं होतं तिनं कागदातून पुन्हा घडाघडा वाचलं, कागद खाली केला, पुन्हा लावला, आणि मग महाराजांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला सुरुवात केली. तिनं त्यांना कानातल्या कुड्या देऊन टाकल्या होत्या.

गर्दी महाराजांवर बिथरलेली बघून वनखात्याच्या साहेबांना धीर आला. ससाणेवेड्यासोबत ते फाटकापाशी उभे होते, ते पुढं आले. ससाणेवेड्यानं पक्षी मोज्यावरून उचलला आणि सोनेरी कडं उघडलं. आत त्याची स्वतःची लहानशी कडी होती. तो त्या पक्ष्याच्या छातीच्या हाडावर बोट ठेवून उभा राहिला. महाराज मागच्या दारानं निघाले होते, ते शिंपिणीच्याच तावडीत सापडले. दुसऱ्या पिल्लाचं काय केलंत, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, की ते पहिल्याच आठवड्यात मेलं. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

शहर शहाणं झालं म्हणता? छे. मास्तरणीच्या नास्तिकपणानं शक्ती निघून गेली, असं म्हणणारे अजून आहेत. सूतगिरणीच्या ओट्यावर अजून कुणीतरी अधूनमधून फूल ठेवतं. डोळे उघडे असूनही न बघणाऱ्यांवर थेंब निघालेले नाहीत.

आप्पा डॉक्टरांकडं गेले, स्वतःहून. डॉक्टरांनी तपासलं आणि जे सांगितलं ते मास्तरणीला आधीपासून माहीत होतं. थेंब बंद होते तेवढ्या काळात उजव्या डोळ्याची कड बरीच आत आली होती. आता समोरचं दिसेल, बाजूचं नाही. उरलंय ते थेंबांनी टिकेल. आप्पांनी मान हलवली आणि ते घरी निघाले. मास्तरीण त्यांचा हात धरून चालली होती आणि रस्त्यात रडत होती. आप्पांना न दिसणाऱ्या बाजूला ती असल्यामुळं तिला ते लपवावंही लागलं नाही.

ससाण्याची पिसं नवी यायला बराच काळ गेला. ससाणेवेड्यानं त्याला खाऊ घातलं, आपल्या अंगणातल्या जाळीत उडायला लावलं, माणसाच्या हाताची सवय मोडली. मग तो एके सकाळी खाणीच्या कड्यावर त्याला सोडायला निघाला. या वेळी शहरानं त्याला वेड्यात काढलं नाही. घड्याळगल्लीतले झाडून सगळे आले, कारण आप्पांनी सगळ्यांना यायला लावलं होतं.

ससाणेवेड्यानं पेटीचं झाकण उचललं. पक्षी काठावर आला, मान वाकडी करून सगळ्यांकडं बघितलं आणि कड्यावरून खाली झेपावला. पुढच्याच क्षणी तो वर होता. सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या आणि त्याच्या मागं वळल्या. आप्पांची मान पेटीकडंच राहिली. त्यांनी ती वळवली तोवर उशीर झाला होता.

"गेला का?" त्यांनी विचारलं.

"गेला, आप्पा. छान गेला."

"मला नाही दिसला."

मग आप्पा गल्लीतल्या मंडळींकडं वळले. भाषण करायची त्यांना सवय नव्हती. गिऱ्हाइकाला घड्याळाचा दोष सांगावा तसं ते बोलले.

"फलकावर माझं वाक्य होतं, यात यंत्र नाही. ते चूक. मी त्याची टोपी बघितली, मोजा बघितला, बाह्या बघितल्या. पक्षी नाही बघितला. मला यंत्र सापडलं नाही, एवढंच मी म्हणायला हवं होतं. मला सापडलं नाही आणि ते नाहीच, या दोन गोष्टी मी एक केल्या, त्यात माझ्या या डोळ्याची कड गेली. उद्या कुणी तुम्हाला काही अजब दाखवलं, तर भिंग लावा. नाही उमगलं तर नाही उमगलं म्हणा, त्यात लाज नाही. पण शोधायचं थांबवू नका, आणि डॉक्टरचं औषध तर कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका."

एवढं बोलून ते दगडावर बसले. उन्हाकडं बघत त्यांनी विचारलं, थेंबाची वेळ झाली ना? वहिनीनं पिशवीतून बाटली काढली आणि आप्पांनी तोंड वर, आभाळाकडं केलं.